अंत्येष्टी ते वर्षश्राद्ध : विधींचा क्रम, अर्थ आणि कुटुंबाचा विवेक

प्रस्तावना

घरात मृत्यू घडला की पहिल्या घटकेपासून कुटुंबाला निर्णय घ्यावे लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी निर्णय घेण्याचे बळ कोणापाशी उरलेले नसते. कोणाला कळवायचे, कोणाची वाट पाहायची, अग्नी कोणी द्यायचा, दहावा कोठे करायचा, असे प्रश्न एकामागून एक येतात. पूर्वी वाड्यात, गल्लीत चार जाणती माणसे असत. ती न सांगता पुढे होत आणि घरच्यांना केवळ शोक करणे एवढेच काम उरे. आज इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव वा गोवा येथील मराठी कुटुंबांत मुले दूरच्या शहरांत व परदेशी असतात, शेजार निराळ्या भाषेचा असतो आणि घरचे उपाध्याय एकतर वृद्ध झालेले असतात किंवा नसतातच. अशा वेळी जो विधी होतो तो बहुधा घाईत, कोणीतरी सांगितले म्हणून होतो. करणाऱ्याला त्याचा अर्थ कळत नाही आणि नंतर वर्षानुवर्षे, ‘आपण केले ते बरोबर केले का?’ ही रुखरुख मनाला लागून राहते.

ही रुखरुख टळावी यासाठी प्रस्तुत लेखात अंत्येष्टी व उत्तरक्रियेचा मराठी घरांतील सर्वसाधारण क्रम, प्रत्येक टप्प्यामागील भाव, शास्त्राने दिलेली मोकळीक आणि आजच्या परिस्थितीत कुटुंबाने विचारात घ्यावयाच्या गोष्टी एकत्र मांडल्या आहेत. शाखा, कुळ व प्रांत यांनुसार तपशिलात फरक पडतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ग्रंथाधार

‘अंत्येष्टी’ म्हणजे अंत्य इष्टी, अर्थात मनुष्याच्या जीवनातील अखेरचा यज्ञ. या यज्ञात देहच आहुती असतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १४ ते १८ ही सूक्ते या प्रसंगाशी निगडित आहेत. त्यांतील काही मंत्र मृताला उद्देशून आहेत, काही अग्नीला उद्देशून आहेत आणि काही मागे राहिलेल्यांना जीवनाकडे परत बोलावणारे आहेत. अठराव्या सूक्तात पतीच्या देहाजवळ बसलेल्या स्त्रीला उठून जिवंतांच्या जगात येण्यास सांगितले आहे. अंत्यविधी मृतासाठी जेवढा असतो तेवढाच जिवंतांसाठीही असतो, ही दृष्टी इतकी प्राचीन आहे.

आश्वलायन गृह्यसूत्राच्या चौथ्या अध्यायात दहनविधी सविस्तर आला आहे. गरुडपुराणातील प्रेतकल्प दहा दिवसांत घरोघरी वाचला जातो. मध्ययुगीन निबंधग्रंथांपैकी दोन ग्रंथांचे नाते दक्षिणेतून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या एकाच घराण्याशी आहे. मूळचे पैठणचे असलेल्या या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘अंत्येष्टिपद्धती’ लिहिली आणि त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधू’ पूर्ण केला. पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा ‘धर्मसिंधू’ १७९० चा; मराठी पुरोहित आजही निर्णयासाठी प्रथम तोच उघडतात. आधुनिक काळात भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात अंत्येष्टी, अशौच व श्राद्ध यांचा साधार ऊहापोह केला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

या साहित्याचे एक वैशिष्ट्य असे की, त्यात एकच एक उत्तर क्वचितच आढळते. ‘हे शक्य नसल्यास ते करावे’ अशी पर्यायांची मालिका ग्रंथकार स्वतःच देतात. गौतम धर्मसूत्राने चाळीस संस्कार गणले आहेत, त्यांच्या बरोबरीने दया, क्षमा, अनसूया आदी आठ आत्मगुण सांगितले आहेत आणि केवळ संस्कारांपेक्षा या गुणांना वरचे स्थान दिले आहे. विधीत काही उणे राहिले म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांनी हे अवश्य स्मरावे.

पहिला दिवस : निरोप

अखेरच्या क्षणी मुखात गंगाजल व तुळशीपत्र घालण्याची रीत आहे. प्राण गेल्यावर देह दर्भ अंथरलेल्या भूमीवर दक्षिणोत्तर ठेवतात, जवळ दिवा लावतात, देहाला स्नान घालून नवे वस्त्र नेसवतात. हे काम शक्यतो घरच्यांनीच करावे असा संकेत आहे. आजारपणात परक्यांच्या हाती सोपवलेला देह अखेर पुन्हा आपल्या माणसांच्या हाती येतो, आणि त्या स्पर्शाने जे घडले ते खरे असल्याची जाणीव मनात उतरते. रुग्णालयातून थेट स्मशानात नेताना हा टप्पा गळून जातो. शक्य असेल तेथे थोडा वेळ तरी देह घरी आणावा, असे अनुभवी पुरोहित सांगतात ते यासाठी.

बांबूची तिरडी बांधून देह तीवर ठेवला जातो. कर्ता हाती शिंकाळ्यातील अग्नीचे मडके घेऊन पुढे चालतो. वाटेत एके ठिकाणी विसावा देतात आणि खांदेकरी जागा बदलतात. वारकरी घरांतून टाळमृदंगाच्या गजरात, अभंग म्हणत अंत्ययात्रा निघते. स्मशानात देह चितेवर ठेवून कर्ता अग्नी देतो. मग खांद्यावर पाण्याचा घट घेऊन तो चितेभोवती तीन अप्रदक्षिण फेऱ्या घालतो. प्रत्येक फेरीला घटाला दगडाने एक छिद्र पाडतात, त्यातून धार वाहत राहते, आणि अखेरीस मागे न पाहता घट खाली टाकून फोडला जातो. घट म्हणजे देह आणि वाहून जाणारे पाणी म्हणजे प्राण, एवढा अर्थ कोणी सांगितला तरी ही कृती आयुष्यभर मनात राहते. छिद्रे पाडणारा तो दगड म्हणजेच ‘अश्मा’ अथवा ‘जीवखडा’. पुढील दहा दिवस त्यावरच तिलांजली द्यावयाची असल्याने तो जपून ठेवावा.

दोन वर्षांच्या आतील बालकांचे दहन न करता भूमीत निक्षेप करण्याची आज्ञा स्मृतिग्रंथांत आहे. संन्याशांना समाधी देतात. लिंगायत समाजात दफनाचीच परंपरा आहे. ‘अग्नीच दिला पाहिजे’ हा सर्वांना लागू होणारा नियम नव्हे.

त्या दिवशी मृताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी वा आप्त पिठले-भात आणून घरच्यांना आग्रहाने दोन घास खाऊ घालतात. या रीतीला मंत्र नाही, पण दिवसभरातील कोणत्याही विधीइतकेच तिचे मोल आहे. परप्रांतातील वसाहतींत जेथे शेजारी मराठी नाहीत, तेथे मंडळातील वा मंदिरातील परिचितांनी हा भार आपण होऊन उचलावा.

तिसरा ते दहावा दिवस

तिसऱ्या दिवशी अथवा सोयीच्या विहित दिवशी अस्थिसंचयन होते. अस्थी विसर्जनासाठी नाशिकचे रामकुंड सर्वपरिचित आहे. इंदूरकडील कुटुंबे ओंकारेश्वर परिसरात नर्मदेवर किंवा उज्जैनला क्षिप्रेवर जातात. बडोदेकरांना नर्मदाकाठचे चांदोद जवळ आहे, तर मातृश्राद्धासाठी गुजरातेतील सिद्धपूरची ख्याती आहे. बेळगाव व गोव्याकडील मंडळी गोकर्णास जातात. लांबच्या तीर्थाला जाणे शक्य नसेल तर जवळच्या वाहत्या पाण्यात विसर्जन करण्यात कमीपणा नाही.

मृत्यूपासून दहा दिवस सपिंडांना अशौच म्हणजे सुतक असते. विवाहित कन्येला माता-पित्यांचे अशौच तीन दिवसांचे सांगितले आहे. सुतकाकडे केवळ ‘विटाळ’ म्हणून पाहिल्याने त्याचा आशय हरवला आहे. या काळात कर्त्याने देवपूजा, मंगलकार्ये, गोडधोड, प्रवास व व्यवहार यांपासून दूर राहावे अशी अपेक्षा असते. थोडक्यात, शोकाकुल माणसाकडून समाजाने कशाचीही अपेक्षा ठेवू नये, त्याला थांबू द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. चौथ्याच दिवशी कामावर रुजू व्हावे लागणाऱ्या आजच्या माणसाला ही विश्रांती पूर्वीपेक्षा अधिक हवी आहे.

या दहा दिवसांत रोज पिंड व तिलांजली द्यावयाची असते. गरुडपुराणातील कल्पनेनुसार दररोजच्या पिंडाने मृताचा सूक्ष्म देह एकेक अवयवाने घडत जातो. आरंभ मस्तकापासून होतो आणि दहाव्या दिवशी क्षुधा व तृष्णा यांची शांती होते. बहुतेक घरी आता दहाही दिवसांचे पिंड दहाव्या दिवशी एकत्र दिले जातात. शास्त्राला ते मान्य आहे. मात्र ज्यांना शक्य आहे त्यांनी रोज सकाळी दहा मिनिटे तरी घरच्यांना एकत्र बसवून गीतेचा एखादा अध्याय, ज्ञानेश्वरीच्या काही ओव्या वा हरिपाठ वाचावा आणि नंतर मृत व्यक्तीच्या आठवणी बोलाव्यात. दहा दिवसांच्या रचनेत हळूहळू सावरण्यासाठी ठेवलेला अवकाश त्यामुळे रिकामा जात नाही.

दहाव्या दिवशी नदीकाठी वा घाटावर पिंड मांडून काकस्पर्शाची वाट पाहतात. कावळा लवकर शिवला नाही तर आप्तजन एकेक करून पुढे येतात आणि मृताची राहिलेली इच्छा मोठ्याने बोलून तिची हमी देतात : धाकट्याचे शिक्षण पुरे करू, आईला अंतर देणार नाही, भावाभावांत वाद ठेवणार नाही. कावळ्याच्या येण्या-न येण्यावरून मृत तृप्त की अतृप्त असा निष्कर्ष काढून कोणी कोणाला दोष देऊ नये. शहरांतून कावळेच कमी झाले आहेत आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला स्पर्श करविण्याची सोय परंपरेनेच ठेवली आहे. या विधीचे सार त्या जाहीर वचनात आहे. वर्षानुवर्षे न बोलणारे दोघे भाऊ पिंडासमोर उभे राहून आईला शब्द देतात, तेव्हा विधीचे फळ तेथेच मिळालेले असते. दिलेला शब्द पुढे पाळला जाणे हे अर्थातच महत्त्वाचे.

अकरावा ते तेरावा दिवस आणि पुढील वर्ष

अकराव्या दिवशी एकोद्दिष्ट श्राद्ध होते. बाराव्या दिवशीचे सपिंडीकरण हा संपूर्ण उत्तरक्रियेचा गाभा होय. मृतासाठी केलेल्या पिंडाचे तीन भाग करून ते पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळले जातात. या क्षणापर्यंत मृताला ‘प्रेत’ म्हटले जाते, आणि यानंतर तो ‘पितर’ होतो. वडील, आजोबा, पणजोबा अशा क्रमाने पितरांना वसू, रुद्र व आदित्य या रूपांत स्मरतात. नवा पितर आल्यावर पणजोबांच्याही मागची पिढी नित्याच्या पिंडाच्या क्रमातून निवृत्त होते. आपल्या माणसाचे स्थान आता घरात नसून परंपरेत आहे, हे सत्य तांदळाच्या पिठाचे वा भाताचे गोळे एकत्र करण्याच्या साध्या कृतीतून कर्त्याच्या हातांना समजते. मूळ विधान वर्षअखेरीस सपिंडीकरण करण्याचे होते. आयुष्याचा भरवसा नसल्याने बाराव्या दिवसाचा पर्याय रूढ झाला.

सपिंडीकरणापूर्वी सोळा मासिक श्राद्धे विहित आहेत : वर्षातील बारा, आणि ऊनमासिक, त्रैपाक्षिक, ऊनषाण्मासिक व ऊनाब्दिक ही चार. तेराव्या दिवशी निधनशांत वा उदकशांत होऊन गोडाचे जेवण होते आणि कुटुंबीय गंधमुक्त होतात. नंतर आप्तांकडून दुखवटा काढला जातो. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांनी स्थानिक समाजाच्या सहवासातून ‘उठावना’ स्वीकारला आहे, तर बडोद्यात ‘बेसणे’ ठेवले जाते. या दोन्ही चाली शास्त्रोक्त नसल्या तरी भेटीसाठी येणाऱ्यांना एक ठराविक वेळ मिळतो आणि घरच्यांवरील ताण हलका होतो, म्हणून त्या उपयुक्तच आहेत.

पुढे वर्षभर मासिके, वर्षअखेर वर्षश्राद्ध, आणि भाद्रपद कृष्ण पक्षात महालय येतो. सवाष्ण गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी, अपघाताने वा शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी चतुर्दशी आणि तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. आपल्याला विसरलेल्यांसाठीही एक दिवस राखून ठेवणारी ही व्यवस्था आहे.

श्राद्धाचे जेवण कोणाला घालावे या प्रश्नाचे उत्तर संत एकनाथांच्या चरित्रातील आख्यायिकेत आहे. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी भुकेल्या अंत्यजांना वाढला, त्यावरून निमंत्रितांनी जेवणास नकार दिला, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले असे सांगतात. कर्ज काढून तेराव्याच्या पंगती उठविणाऱ्यांनी ही कथा जरूर आठवावी. धर्मग्रंथांनीही श्राद्धात फार विस्तार करू नये असेच सांगितले आहे.

अधिकार कोणाचा?

‘मुलगा नाही, मग अग्नी कोण देणार?’ हा प्रश्न आजही दारात देह असताना विचारला जातो आणि पतीच्या वा पित्याच्या शेजारी बसलेल्या स्त्रीच्या देखत एखादा दूरचा पुतण्या शोधला जातो. निबंधग्रंथांत दिलेल्या अधिकाऱ्यांच्या यादीत पुत्र, पौत्र, प्रपौत्र यांच्या पाठोपाठ पत्नी, कन्या, दौहित्र, बंधू इत्यादींचा उल्लेख आहे. क्रमाविषयी ग्रंथकारांत मतभेद आहेत, परंतु पत्नी व कन्या यांना अधिकारच नाही असे म्हणण्यास आधार नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी महात्मा जोतीराव फुले निवर्तले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेत पुढे चालण्याचे धैर्य दाखविले होते. आज अनेक शहरांत मुली व पत्नी अग्नी देतात आणि पुरोहित त्यांच्याकडून विधी करवून घेतात.

पुत्र असतानाही कन्येने वा पत्नीने विधीत सहभागी व्हावे की नाही, हा शास्त्रापेक्षा कुटुंबाच्या संमतीचा प्रश्न आहे. ज्या मुलीने शेवटची दोन वर्षे आईची सेवा केली, तिला तिलांजलीच्या वेळी ‘तू मागे उभी राहा’ असे सांगणे कोणत्या धर्मात बसते, याचा प्रत्येकाने विचार करावा. तिलांजली देण्यासाठी सर्व आप्त पुढे येऊ शकतात, आणि तेथून आरंभ करणे कोणत्याही घराला कठीण नाही.

रूढी आणि विधी यांतील भेद

पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा अंत्येष्टीचे अंग नाहीत. त्या न केल्याने उत्तरक्रियेत काहीही उणे राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे त्याचा आदर्श ठेवला. आपल्या घरी असा प्रसंग आल्यास वडीलधाऱ्या स्त्रियांनीच पुढे होऊन, ‘हे आपल्या घरी होणार नाही’ असे सांगावे. दुःखाच्या पहिल्या तासात त्या स्त्रीला स्वतःसाठी बोलणे शक्य नसते. तिच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी बोलणे आवश्यक असते.

दुसरी रूढी विधी करविणाऱ्यांविषयीची. अंत्येष्टी करविणाऱ्या किरवंत पुरोहितांना त्यांच्याच जातीने दूर ठेवले, त्यांच्याशी सोयरीक टाळली. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘किरवंत’ नाटकाने ही वेदना रंगभूमीवर आणली. जो आपल्या सर्वांत कठीण दिवशी साथ देतो, त्याला इतर पुरोहितांइतकाच मान व योग्य दक्षिणा द्यावी. स्मशानात चिता रचणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही हेच लागू आहे.

अर्थासह विधी : जुनी मागणी

विधीचा अर्थ यजमानाला कळला पाहिजे, ही मागणी नवी नाही. बडोद्याच्या मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत १९१५ साली पुरोहितांसंबंधी कायदाच झाला. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा उत्तीर्ण व्हावी आणि मंत्रांचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत समजावून द्यावा, हा त्यामागचा हेतू होता. याच महाराजांनी १९३६ मध्ये उभारलेले कीर्तिमंदिर हे पूर्वजांच्या स्मरणाचे वास्तुरूप आहे.

महाराष्ट्रात महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून पुरोहिताविना, साध्या मराठीत विधी करण्याचा मार्ग दाखविला. फुले यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात अंत्यविधीचाही विचार आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने संस्कारांच्या सार्थ पोथ्या तयार केल्या आणि जातीचा व स्त्री-पुरुषाचा भेद न ठेवता पुरोहित प्रशिक्षित केले. या पद्धतीत निवडक मंत्र, त्यांचा मराठी अर्थ आणि उपस्थितांचा सहभाग यांवर भर असतो. विधी एक-दीड तासात होतो, पण त्यातील प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याला कळते.

परंपरागत पद्धतीनेच विधी करणाऱ्यांनाही हे साधता येते. विधीच्या आदल्या दिवशी उपाध्यायांना भेटून, ‘प्रत्येक टप्प्याला दोन वाक्यांत अर्थ सांगावा’ अशी विनंती करावी. बहुतेक गुरुजी ती आनंदाने मान्य करतात, कारण विचारणारेच कमी असतात.

विशेष प्रसंग

देह न मिळाल्यास : पूर, समुद्र, युद्ध वा अपघात यांत देह हाती लागत नाही. अशा वेळी पळसाच्या ३६० वृंतांची मनुष्याकृती करून तिचे दहन करण्याचा विधी शास्त्रात सांगितला आहे. तो पालाशविधी वा पर्णशरदाह म्हणून ओळखला जातो. १७६१ च्या पानिपतानंतर असंख्य मराठी घरांत ‘गेले’ की ‘परततील’ हे वर्षानुवर्षे ठरत नव्हते. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. निरोपाचा विधी झाला नाही तर शोकाला किनारा मिळत नाही, हे तेव्हाच्या समाजाने अनुभवले. २०२० व २०२१ च्या महासाथीत ज्यांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही घडले नाही, त्यांचे दुःख याच जातीचे आहे. अशा कुटुंबांनी आजही एखाद्या तिथीला श्राद्ध, तर्पण वा स्मरणसभा करण्यास काहीच प्रत्यवाय नाही. त्याला उशीर झाला असे समजू नये.

नेत्रदान व देहदान : मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. तोपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीने थोडे उंच ठेवावे. चष्मा असणे वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे याची आडकाठी नसते. नेत्रदानानंतर दहनविधी नेहमीप्रमाणे होतो. देहदान केल्यास दहन होत नाही. त्यानंतर काही कुटुंबे दर्भाची प्रतिकृती करून विधी करतात, काही केवळ दहाव्यापासूनची श्राद्धकर्मे करतात, तर काही स्मरणसभा घेतात. दधीची ऋषींनी अस्थी दिल्याची कथा सांगणाऱ्या परंपरेला हे दान परके नाही.

विद्युत वा वायुदाहिनी : लाकडाच्या चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. दाहिनीतही मंत्राग्नी देऊन, घटाच्या फेऱ्या बाहेर घालून विधी पूर्ण करता येतो. अस्थीही मिळतात.

दूर असलेली मुले : मुलगा वा मुलगी परदेशातून येईपर्यंत देह अनेक दिवस ठेवण्यापेक्षा जवळच्या अधिकाऱ्याने दहन करावे, आणि येणाऱ्याने अस्थिविसर्जन, दशक्रिया वा सपिंडीकरण स्वतः करावे. कर्त्याच्या वतीने दुसऱ्याने आरंभ करण्यास शास्त्रात वाव आहे. येणे अगदीच अशक्य असेल तर दूरध्वनीवरून वा दृक्‌श्राव्य माध्यमातून विधी पाहणे आणि आपल्या ठिकाणी तिळासह पाणी सोडणे, एवढे तरी अवश्य करावे.

आधी ठरवून ठेवावयाच्या गोष्टी

मृत्यूविषयी घरात बोलणे अशुभ मानले जाते, म्हणून हे प्रश्न अनुत्तरित राहतात. साठी पूर्ण झाल्यावरची षष्ट्यब्दीपूर्ती आणि सहस्रचंद्रदर्शन हे त्यासाठी योग्य प्रसंग आहेत. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने सहस्र पौर्णिमा ८० वर्षे व काही महिन्यांनी पूर्ण होतात. हे दोन्ही विधी आयुष्याचा एक टप्पा संपून दुसरा सुरू झाल्याचे सांगतात. त्या निमित्ताने ज्येष्ठांनी पुढील बाबी आपल्या हस्ताक्षरात लिहून ठेवाव्यात :

१. अग्नी कोणी द्यावा, आणि ती व्यक्ती उपस्थित नसल्यास कोणी द्यावा.
२. लाकडाची चिता, दाहिनी, दफन वा देहदान यांपैकी काय हवे. नेत्रदानाची इच्छा आहे काय.
३. गोत्र, शाखा, कुलदैवत आणि तीन पिढ्यांची नावे. सपिंडीकरणाच्या वेळी ती विचारली जातात आणि अनेकांना आजीचे-पणजीचे नाव आठवत नाही. मातृकुळाचीही नावे लिहावीत.
४. विधी किती दिवसांचा व कोठे व्हावा. कोणते अभंग, स्तोत्र वा वाचन व्हावे.
५. तेराव्याच्या खर्चाची मर्यादा. त्याऐवजी अन्नदान वा विद्यार्थ्यांस साहाय्य करावयाचे असल्यास तसा उल्लेख.
६. पत्नीच्या वा पतीच्या पुढील निवासाची व निर्वाहाची व्यवस्था.

याबरोबरच एक व्यावहारिक गोष्ट : जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. स्मशानातील पावती व वैद्यकीय प्रमाणपत्र सांभाळून ठेवावे. हे काम कर्त्यावर न टाकता एखाद्या विश्वासू आप्ताकडे सोपवावे.

समारोप

विधी मोठा की लहान, संस्कृतात की मराठीत, घाटावर की घरात, यावर त्याचे मोल ठरत नाही. निरोप देणे, जिवंतांना सावरणे आणि गेलेल्याला पितरांच्या ओळीत मानाचे स्थान देणे ही तीन कार्ये त्याने साधली म्हणजे तो पूर्ण झाला. ‘श्रद्धेने केले जाते ते श्राद्ध’ ही व्युत्पत्ती आपण सारेच सांगतो. तिच्यात धन, जात, लिंग वा अंतर यांची अट कोठेही नाही. ज्यांनी आपल्या माणसासाठी जमेल तेवढे, समजून आणि मनापासून केले आहे, त्यांनी आपल्या हातून काही राहिले असे मनात आणू नये.

॥ शुभं भवतु ॥